सव्वीस दिवसांची पाळक

घाटकोपर,
१२ जुलै १९८५

प्रिय दादा,
सलाम.

सोनूबाई गेली. आरे कॉलनीतल्या तबेल्यांजवळ आपल्या ख्रिस्ती लोकांची सात-आठ घरं आहेत, असं मी मागे लिहिलं होतं ना, तिथली सगळ्यात म्हातारी. नगरकडची. मुलगा म्हशींच्या कामावर. मी दर बुधवारी बसने तिकडे प्रार्थना घ्यायला जाते, तेव्हा ती आधीच घोंगडी अंथरून बसलेली असायची आणि मी दिसले की डाफरायची, "लई उशीर केला गं सेविकाबाई. देव काय तुझ्या बशीसाठी थांबतो व्हय?"

गेल्या बुधवारी ती उठलीच नाही. खाटेवरूनच म्हणाली, मला प्रभुभोजन पाहिजे, प्रभूच्या नावाची भाकर आणि प्याला. दादा, त्या वस्तीला नाताळनंतर प्रभुभोजन मिळालेलंच नाही. मी तशीच परत आले आणि आमच्या पाळकसाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांच्याकडे चर्चच्या तीन मंडळ्या आहेत, धावपळ होते, सगळं मान्य. पण चहा पिता पिता ते मला म्हणाले, "रविवारची उपासना उरकली की बघू." सोनूबाई शनिवारी गेली.

आता जे डोक्यातून जात नाही ते सांगते. बुधवारी ती मला म्हणाली होती, "तूच दे की मग. तुझ्या हातचं पाणी पिते, तुझ्या हातचं औषध घेते. भाकरीलाच काय झालं?" मी म्हणाले, "आजी, मला दीक्षा नाही. मला तो अधिकार नाही." ती म्हणाली, "मग एवढी शिकली कशाला?"

अकरा वर्षं या मंडळीत सेविका आहे. उपदेश करते, पोरांना शिकवते, नवराबायकोची भांडणं सोडवते, मयताला जाते. तुझ्याच कॉलेजात, तुझ्याच जुन्या पुस्तकांवर शिकले, आणि हिब्रूत तुझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवले, हे तूच लोकांना हसत हसत सांगतोस. पण भाकरीवर आशीर्वाद मागायची वेळ आली की मी बाजूला व्हायचं आणि कुठून तरी एक पुरुष येईपर्यंत सगळ्यांनी वाट बघायची. मरणाऱ्या बाईनेसुद्धा.

बायकांना पाळकाची दीक्षा देता येईल असा ठराव वरच्या सभेने केला, त्याला आता वर्षं झाली. आपल्या धर्मप्रांतात अजून एकीलाही मिळालेली नाही, कारण कुणी मागितलीच नाही म्हणे. मी मागितली. काल बिशपांकडे अर्ज पाठवला. तू दीक्षा समितीवर आहेस म्हणून आधी तुला कळवते. वशिला लावू नकोस. मी काय काम करते ते तुला माहीत आहे, तेवढं तिथे मोठ्याने सांग.

वहिनींना सलाम.

तुझी,
क्षमा


मनमाड,
२६ जुलै १९८५

चि. क्षमा हिस अनेक आशीर्वाद. प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र म्हणजे पत्र नसतंच, मोर्चा असतो. पोस्टमनच्या हातातून घेतानाच उत्तरा म्हणाली, "क्षमावन्संचं दिसतंय, पाकीट गरम लागतंय." असो. सोनूबाईंच्या आत्म्याला प्रभू विसावा देवो. तू तिच्याजवळ होतीस हीसुद्धा सेवाच झाली, हे विसरू नकोस.

तुझा अर्ज बिशपांनी समितीपुढे ठेवला आहे. बैठक ऑगस्टच्या अखेरीस आहे. मी तुझा भाऊ आहे म्हणून गप्प बसेन असं काहींना वाटतं, पण मी बोलणार आहे. बाबा आज असते तर त्यांनाही वाटलं असतं की रणनवऱ्यांच्या घरात तीन पाळक व्हावेत. त्यातला एक जरा तोंडाळ निघाला, एवढंच.

मात्र एक ध्यानात ठेव. मंडळीचा होकार असल्याशिवाय बिशप पाऊल टाकणार नाहीत. तुमच्या घाटकोपरच्या पंच कमिटीचे अध्यक्ष चंद्रप्रकाश यांनाही बैठकीला बोलावलं आहे. माणूस वाईट नाही. जन्मभर सरकारी कचेरीत काढला, त्यामुळे प्रत्येक गोष्ट नियमात बसलेली लागते. त्यांच्याशी वाद घालू नकोस. काही लोकांच्या मनात एक अडचण आहे. ती पत्रात लिहिण्यासारखी नाही. पण अडचण म्हटली की तोडगाही निघतो. तोडगा काढायला मी आहे.

तुझा,
विद्याधरदादा

ता. क. क्षमावन्सं, कोपरा शिल्लक आहे म्हणून मी लिहिते. तुम्हाला दीक्षा मिळाली तर मी नवं लुगडं घेऊन येणार. परवाच्या रविवारच्या प्रभुभोजनाच्या प्याल्यातला मनुकांचा रस या वेळी मी केला नाही, शेजारच्या शुभाकडून करून घेतला. दर दोन-तीन महिन्यांनी असं होतंच. — उत्तरा


(पोस्टकार्ड)
३१ ऑगस्ट १९८५

क्षमा, काम झालं! समितीची एकमताने संमती. बाकीचं चंद्रप्रकाश समक्ष सांगतील. अभिनंदन. बाबांच्या फोटोपुढे उभा राहून मी मोठ्याने सांगितलं. — दादा


घाटकोपर,
१६ सप्टेंबर १९८५

दादा,

कार्ड मिळालं. मी ते चाळीत सगळ्यांना दाखवत फिरले. शेजारच्या शेवंतीने तर साखर वाटली, तिला दीक्षा म्हणजे काय ते कळलं नव्हतं तरी. तू अभिनंदन लिहिलंस तेव्हा तुला पुढचं माहीत नसणार. म्हणून सगळं सांगते.

काल उपासना झाल्यावर चंद्रप्रकाशांनी मला थांबवून घेतलं. शाळेच्या हॉलमध्ये आमची उपासना होते, तिथेच बाकांवर ते, सेक्रेटरी बाळासाहेब आणि आणखी तिघं. सगळे पुरुष. बोलताना एकही जण माझ्याकडे बघेना, सगळे पंख्याकडे. चंद्रप्रकाश म्हणाले, "मिस रणनवरे, आपल्या नावाला सर्वांचा होकार आहे. फक्त एक छोटीशी व्यवस्था करायची आहे."

मला वाटलं, राहायच्या जागेचं वगैरे असेल.

"महिन्यातून ते जे चार दिवस असतात, त्या दिवसांत आपण वेदीपाशी उभं राहू नये. भाकर, प्याला, बाप्तिस्म्याचं पाणी, कशालाही हात लावू नये. आमच्या बाळासाहेबांच्या मिसेसना आधी सांगून ठेवायचं, म्हणजे त्या रविवारी दुसरे पाळक बोलावता येतील."

दादा, मला आधी हसूच आलं. मग मी विचारलं, "आज मी उपदेश केला. तो माझ्या कितव्या दिवशी केला, विचारलंत का कुणी?" चंद्रप्रकाश लालबुंद झाले. म्हणाले, "उपदेशाचं वेगळं. उपदेश तोंडाने असतो."

हे वाक्य त्यांनी खरंच उच्चारलं. देवाचं वचन माझ्या तोंडून चालतं, भाकर माझ्या हातून चालत नाही. आणि कधी चालेल कधी नाही, हे बाळासाहेबांची बायको ठरवणार. मी छत्तीस वर्षांची बाई, माझ्या पाळीची तारीख मंडळीच्या सेक्रेटरीच्या स्वयंपाकघरात जाऊन नोंदवायची!

तुला आजोबांचं सांगायला नको. महारवाड्यातला माणूस. विहिरीवर चढला तर पाणी बाटायचं, देवळापुढून सावली पडली तर देव बाटायचा. आजोबांनी ख्रिस्त पत्करला तेव्हा गाव सोडलं नाही, नाव सोडलं नाही. सोडला तो विटाळ. बाबा सांगायचे, पहिल्या प्रभुभोजनाला आजोबा ढसाढसा रडले, कारण एका गोऱ्या माणसाने आणि एका बामणाच्या बाटलेल्या पोराने त्याच प्याल्याला तोंड लावलं होतं. आणि त्या आजोबांच्या नातीला त्याच प्याल्यापासून हात लांब ठेवायला सांगतात! कोण सांगतं? त्यांच्यासारख्याच आजोबांचे नातू. ज्यांना विटाळाने पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवलं, त्यांनी तो चर्चमध्ये आणून बायकोपोरींसाठी राखून ठेवला. संताप संताप होतो रे.

मी घरी येऊन रडले. शेवंती आली. ती मालवणकडची, तिच्या घरात ते चार दिवस अजून बाजूला बसतात, दहा बाय बाराच्या खोलीत ती पोतं टाकून दाराशी निजते. तिला मी सांगितलं. ती म्हणाली, "अगो बाय! तुमच्यात सुदा ह्यां असता? माका वाटलला तुमी लोक सुटलास." मला तिच्यापुढे मान वर करवेना.

आणि मग आई आठवली. काही रविवारी ती प्रभुभोजनाला पुढे जायची नाही, आठवतं? मागच्या बाकावर मान खाली घालून बसायची. बाबा उपदेशात सांगायचे, कुणाशी वैर असेल तर आधी मिटवा, मग भाकर घ्या. त्यामुळे आपल्याला वाटायचं आईचं कुणाशी तरी भांडण झालंय. तू एकदा शेजारच्या काकूंकडे जाऊन "आमच्या आईशी भांडू नका ना" असं रडून सांगून आला होतास. काकूंना काही कळेना, घरी आल्यावर आईने तुला पोटाशी धरलं आणि काहीच सांगितलं नाही. मला बाराव्या वर्षी कळलं की तिचं कुणाशीच भांडण नसायचं. पाळकाच्या बायकोने पाळकाच्या हातून भाकर घ्यायची नाही, एवढंच असायचं.

हे कुठल्या गाढवाच्या डोक्यातून निघालं, ते तू शोधून काढ. समितीत ते कुणीतरी मांडलंच असणार. त्याला माझ्या वतीने चार शब्द सुनाव.

तुझी,
क्षमा


मनमाड,
१४ ऑक्टोबर १९८५

चि. क्षमा हिस आशीर्वाद.

उत्तर द्यायला उशीर झाला. आधी खेड्यांवरच्या मंडळ्यांचा दौरा होता, मग गुडघ्याने छळलं. तुझं पत्र मी अनेकदा वाचलं. तुझा राग मला समजतो. लहानपणापासून तो मी जवळून पाहिलेला आहे आणि त्याचे काही फटकेही खाल्लेले आहेत.

पण शांतपणे विचार कर. कोणी काय मांडलं हे उकरून काढण्यात काय हशील? मोठं दार उघडलं आहे. आपल्या धर्मप्रांतात पहिली स्त्री पाळक माझी बहीण होणार, याहून मोठं काय? चार दिवसांसाठी तू ते दार लावून घेणार का? उरलेले सव्वीस दिवस तर तुझेच आहेत. लोकांना सवय होऊ दे. वर्षा-दोन वर्षांत ती व्यवस्था आपोआप विरून जाईल, कुणाला आठवणारही नाही. शिवाय तू तिला अट का म्हणतेस? ठरावात 'विश्रांती' असा शब्द आहे. त्या दिवसांत बाईमाणसाला विश्रांती हवीच असते, यात अपमान कसला? पगारही कापला जाणार नाही.

तू आईचं लिहिलंस ते वाचून मला वाईट वाटलं. पण ती जुनी माणसं. त्यांचं ते मन होतं.

होकार कळव. बिशप वाट बघत आहेत.

तुझा,
विद्याधरदादा


घाटकोपर,
२१ ऑक्टोबर १९८५

रेव्हरंड विद्याधर रणनवरे यांस,

ठरावात 'विश्रांती' असा शब्द आहे, असं तुम्ही लिहिलंत. मला ठराव कुणीही दाखवलेला नाही. चंद्रप्रकाशांनी जे सांगितलं ते तोंडी, आणि त्यात विश्रांतीचं नावही नव्हतं. माझ्या पत्रात तो शब्द नाही, पगाराचा विषय तर नाहीच. मग मनमाडला बसून तुम्हाला ते कसं कळलं?

मी तुमचं पत्र घेऊन चंद्रप्रकाशांच्या घरी गेले. ते बिचारे खूश झाले, त्यांना वाटलं मी होकार द्यायला आले. म्हणाले, "अहो मिस रणनवरे, बंधूंचे आभार माना. आम्ही तर नाहीच म्हणणार होतो. हा मार्ग त्यांनी काढला. मसुदासुद्धा त्यांनीच लिहिला. काय सुंदर मराठी हो!"

मी त्या माणसाला गाढव म्हणाले होते. तो शब्द मी मागे घेत नाही.

दादा, परक्यांनी केलं असतं तर मी भांडले असते आणि रात्री गाढ झोपले असते. तू केलंस. काकूंच्या दारात जाऊन आईसाठी रडलेल्या तू. तुला ठाऊक होतं आई मागच्या बाकावर का बसायची, आणि ते ठाऊक असून तू माझ्यासाठी तोच बाक पुसून ठेवलास. वर 'विश्रांती' असं नाव दिलंस. घासून पुसून, छान मराठीत. आणि मला कार्ड टाकलंस, अभिनंदन.

मी बिशपांना लिहून कळवलं आहे: मला दीक्षा हवी आहे, पण या अटीवर नको. सव्वीस दिवसांची पाळक मी होणार नाही. तीस दिवसांची होत नसेल तर जन्मभर सेविकाच राहीन, आणि दर बुधवारी आरे कॉलनीत जाऊन त्या लोकांना सांगेन की तुम्हाला भाकर का मिळत नाही. अट मी लपवणार नाही, मोठ्याने सांगेन. महिला मंडळात सांगून झालंच आहे. आमच्या नलिनीबाई, साठीच्या पुढच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या, सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आम्ही भाकर भाजायची, मनुका उकळायच्या, प्याले घासायचे, आणि बाटवायचंही आम्हीच?"

पुढे काय ते त्यांचं त्या बघतील.

क्षमा


मनमाड,
३० ऑक्टोबर १९८५

क्षमा,

पत्र पोचलं. 'यांस' वाचून हसावं की रडावं कळेना.

होय, मी सुचवलं. ऐकून घे कसं झालं ते. बैठकीत तुझ्या बाजूने बोलणारे आम्ही दोघं, बाकी सगळे विरुद्ध. कुणी उघड बोलत नव्हतं, पण मनात हेच होतं. एकाने तर म्हटलं, पन्नाशी उलटली की या म्हणावं. तुझा अर्ज केराच्या टोपलीत चालला होता. तेव्हा मी उभा राहिलो आणि जे त्यांच्या मनात होतं ते नीट शब्दांत बांधून दिलं, म्हणजे तेवढं देऊन बाकी सगळं मिळेल. मिळालं की नाही? मी तुझ्यासाठी केलं. तिथे बसून लोकांचे चेहरे मी पाहिले आहेत, तू नाहीस.

तू चाळीत राहून तावातावाने लिहितेस. मला मंडळी चालवायची असते. समज, तू त्या दिवशी वेदीवर उभी राहिलीस आणि लोक उठून गेले. मग रिकाम्या बाकांना भाकर देणार आहेस? एकदा मंडळी फुटली की जुळत नाही. तुझ्या मानापमानापेक्षा ते मोठं आहे.

आणि आईला यात ओढू नकोस. बाबांनी तिला कधीही मना केलं नव्हतं. ती आपणहून बसायची.

महिला मंडळाला भडकवलंस हे चुकलंच. बायकांनी हे असं चारचौघांत बोलावं, याची मला लाज वाटते.

विद्याधर


मनमाड,
३ डिसेंबर १९८५

क्षमावन्सं यांना सलाम.

मी एकटीने तुम्हाला पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. ह्यांना सांगून लिहिते आहे, चोरून नाही. ते बाहेरच्या खोलीत बसलेत.

तुमच्याकडच्या बायकांनी नोव्हेंबरच्या प्रभुभोजनाला भाकर भाजली नाही आणि रस केला नाही, ही बातमी इथपर्यंत आली. चंद्रप्रकाशसाहेब म्हणे बेकरीतून पाव आणि दुकानातून सरबताची बाटली घेऊन आले आणि तुमच्या पाळकसाहेबांनी त्या बाटलीवर आशीर्वाद मागायला नकार दिला. मी खूप हसले. आणि मग हसता हसता थांबले, कारण मला माझंच आठवलं.

ह्यांनी तुम्हाला लिहिलं ना, की बाबांनी सासूबाईंना कधी मना केलं नाही? खरं आहे. मलाही ह्यांनी कधी मना केलं नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी प्रभुभोजनाचे प्याले घासत होते. सासूबाईंनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी काही न बोलता ते प्याले माझ्या हातातून काढून घेतले. पुढच्या रविवारी माझ्या शेजारी मागच्या बाकावर येऊन बसल्या, मला सोबत म्हणून. तेव्हापासून मी ते दिवस मागे बसते. मना कुणीच करत नाही, वन्सं. त्यामुळे भांडायचं कुणाशी तेच कळत नाही.

परवा रविवारी इथे प्रभुभोजन होतं. शनिवारी मी ह्यांना सांगितलं, "उद्या माझा दुसरा दिवस आहे आणि मी पुढे येणार आहे." ते म्हणाले, "तुझी इच्छा." मला वाटलं, झालं, एवढं सोपं होतं. मी पुढे गेले. सगळ्यांबरोबर वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले, हात पुढे केले. हे ताट घेऊन एकेकापुढे येत होते. माझ्या उजवीकडच्या बाईला दिलं. मग माझ्यापुढे थांबले. मी वर पाहिलं नाही, फक्त त्यांचे बूट दिसत होते. बूट पुढे गेले आणि माझ्या डावीकडच्या मुलीला भाकर मिळाली.

मी तशीच हात पसरून राहिले. सगळ्यांनी बघितलं. लोकांना वाटलं असेल माझ्या हातून काही मोठं पाप घडलंय.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. "माझा हात उचललाच नाही," एवढंच म्हणाले. ते वाईट नाहीत, वन्सं, तुम्हाला माहीत आहे. पण मला आता राग येतो. मंडळी फुटेल म्हणून ते तुम्हाला भीती घालत होते ना? माझ्या पुढे येण्याने एकही माणूस उठून गेला नाही. भाकर घेऊन पुढे गेला तो फक्त माझा नवरा.

तुम्ही मागे हटू नका, एवढंच सांगायला लिहिलं.

तुमची,
उत्तरा


घाटकोपर,
१४ जानेवारी १९८६

दादा,

बिशपांनी अट काढून टाकली. तुला समितीचं पत्र येईलच, पण आधी माझ्याकडून ऐक.

नोव्हेंबरचं वहिनींनी तुला सांगितलं असेल. डिसेंबरमध्येही नलिनीबाईंनी शेगडी पेटवली नाही. वेदीचं पांढरं कापड धुतलं नाही, इस्त्री केलं नाही. चंद्रप्रकाश त्यांच्या घरी जाऊन म्हणाले, हा काय गिरणीतला संप आहे का? नलिनीबाई म्हणाल्या, "संप नाही हो साहेब, विश्रांती. तुमच्याच ठरावात आहे. आम्ही पस्तीसजणी आहोत. कुणाची ना कुणाची तारीख असतेच. म्हणून सगळ्याच विश्रांती घेतो." नाताळ आला. नाताळच्या दिवशी घाटकोपरच्या मंडळीत प्रभुभोजन नाही, म्हटल्यावर बिशप स्वतः आले. बायका एका बाजूला बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय हवं? मुलुंडच्या सासरहून आलेली एक पोर उभी राहिली आणि म्हणाली, "बिशपसाहेब, मला माहेरच्या चर्चमध्ये पुढे येऊन बसायचंय." एवढंच. चंद्रप्रकाशांची बायको तिच्यामागे उभी राहिली. मग एकेक करत सगळ्याच. चंद्रप्रकाश आपल्या बायकोकडे असे बघत होते की मला त्यांची दया आली. ठराव त्याच आठवड्यात मागे घेतला गेला.

तू म्हणाला होतास, लोक उठून जातील. उभे राहिले, पण जायला नाही.

दीक्षेचा रविवार दोन फेब्रुवारी. तुला निमंत्रण आहे आणि रीत तुला माहीत आहे. बिशप माझ्या डोक्यावर हात ठेवतील आणि हजर असलेले सगळे पाळक पुढे येऊन आपापला हात ठेवतील. लहानपणापासून मी हे चित्र मनात रंगवलंय आणि त्यात सगळ्यात जड हात बाबांचा असायचा. बाबा गेल्यावर तुझा.

तू पुढे येऊ नकोस, दादा. वहिनींचं पत्र वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. ज्या हाताने तू त्यांना वगळून ताट पुढे नेलंस, तो हात मला डोक्यावर नको. हे लिहिताना माझं मन भरून आलंय, तरी लिहिते आहे. पाळकाचा झगा घालू नकोस. साधे कपडे घालून ये आणि लोकांत बस.

पण ये. दीक्षा झाली की पहिली भाकर वाटायला नव्या पाळकालाच उभं करतात. आरे कॉलनीतली सगळी वस्ती बस करून येणार आहे. वहिनी नवं लुगडं नेसून कठड्याशी येतील, त्यांना मी सांगितलंय की पहिली भाकर त्यांची. तू त्यांच्या शेजारी गुडघे टेक आणि हात पुढे कर. मी तुला वगळणार नाही.

त्या दिवशी माझा कितवा दिवस असेल, ते मी तुला आधी सांगणार नाही. नंतरही सांगणार नाही.

तुझी बहीण,
क्षमा